किती कुजू द्यायचं

आंब्याच्या फळीवरच्या त्या काळ्या रेषा पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास वाटतं, की कुणीतरी त्या बारीक निबाच्या पेनाने आखल्या आहेत. जाडी सगळीकडे सारखी, जेमतेम केसाएवढी. मध्येच एखादी रेषा वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळते आणि एक बेट तयार होतं. बेटाच्या आतलं लाकूड पांढुरकं, बाहेरचं किंचित तपकिरी. शाईची रेघ असती तर रंध्याच्या पहिल्याच हाताने गेली असती. ही जात नाही, सरकते. एक ढलपी निघाली की रेषा थोडी बाजूला गेलेली दिसते. आणखी काही हात फिरवले की दोन बेटांचं एक होतं, किंवा एखादं बेट आटत आटत ठिपक्याएवढं होऊन नाहीसं होतं. आपल्याला दिसते ती खरं तर एका पातळ पापुद्र्याची कड. तो पापुद्रा लाकडाच्या आत लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही दिशांना पसरलेला असतो. करवतीने लाकूड जिथे कापलं तिथे त्याचा छेद दिसतो, आणि रंध्याच्या दर हाताला आपण नवा छेद घेत जातो.

हा पापुद्रा बुरशीने बांधलेला असतो.

मेलेल्या लाकडात बुरशी शिरते ती धाग्यांच्या रूपाने. केसापेक्षा कितीतरी बारीक असे हे धागे लाकडाच्या पेशींमधल्या पोकळ्यांतून पुढे जातात, पाचक रस सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. पावसाळ्यात ओंडक्यावर जी अळंबी उगवलेली दिसते ती या धाग्यांचं फळ; त्यांचा सगळा संसार आत चाललेला असतो. धाग्यांमुळे लाकूड कुजतं, हेही माणसाला उशिरा कळलं. लाकूड आधी कुजतं आणि मग त्यावर बुरशी येते, असंच पूर्वी मानलं जाई. जर्मनीतल्या रोबर्ट हार्टिग या वनशास्त्रज्ञाने 1870च्या दशकात कुजलेल्या लाकडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि क्रम उलटा असल्याचं दाखवून दिलं. वृक्षरोगांचं आधुनिक शास्त्र तिथून सुरू झालं.

काळ्या रेषांचा पुरता उलगडा व्हायला आणखी शंभर वर्षं गेली. एका ओंडक्यात एका जातीची बुरशी दिसली की ती सगळी मिळून एकच असणार, असं धरलं जायचं. 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये ॲलन रेनर आणि टॉड या संशोधकांनी असे ओंडके कापून, तुकड्या-तुकड्यातली बुरशी वेगळी वाढवून पाहिली. एकाच ओंडक्यात एकाच जातीचे अनेक स्वतंत्र जीव नांदत होते आणि प्रत्येकाने आपापली हद्द राखली होती. दोघांचे धागे भिडतात तिथे ते एकमेकांत मिसळत नाहीत. तिथले धागे दाट होतात, त्यांत मेलानिन साठतं आणि काळी सीमा तयार होते. आपल्या केसांचा काळा रंग ज्या रंगद्रव्यांमुळे येतो, त्यांच्याच कुळातलं हे द्रव्य. काही बुरशींना तर सीमा घालायला शेजारीही लागत नाही. काळ्या बोटांसारखी फळं धरणाऱ्या झायलेरिया या बुरशीवर कॅम्पबेल या संशोधकाने 1933 सालीच लिहिलं होतं. ती एकटीच आपल्याभोवती सगळीकडून कुंपण घालून घेते. आतला ओलावा आत राहतो, बाहेरचं कुणी शिरत नाही.

म्हणजे आपण ज्याला नक्षी म्हणतो ती राहणाऱ्यांनी स्वतःसाठी उभारलेली हद्द आहे. ती बघायला कुणी येईल, ही गोष्ट तिच्या घडणीत कुठेच नाही. तरी ती इतकी देखणी का वाटते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्या रेषेत निश्चय दिसतो. हातानं काढलेल्या सजावटीच्या रेघेत कुठेतरी हौस असते, कुठेतरी चाचपडणं असतं. या रेषेचा एकेक वळसा गरजेपोटी घेतलेला असतो आणि डोळ्याला ती गरज कुठेतरी जाणवते.

लाकूडकाम करणारे या सगळ्या प्रकाराला स्पाल्टिंग म्हणतात. त्यात काळ्या रेषा हा एक भाग. दुसरा भाग पांढऱ्या कुजीचा. लाकूड मुख्यतः दोन गोष्टींनी उभं असतं, सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं तपकिरी लिग्निन. पंख्यासारखी, पट्ट्यापट्ट्यांची अळंबी धरणारी ट्रॅमेटिस व्हर्सिकलर ही बुरशी लिग्निन पचवू शकते. ती जिथे जाते तिथलं लाकूड फिकट, पांढरं पडत जातं. हळूहळू सेल्युलोजही जातं आणि लाकूड हलकं, स्पंजासारखं होतं. तपकिरी कूज हा याच्या उलटा प्रकार. तिथे सेल्युलोज संपतं, लिग्निन मागे राहतं, आणि लाकूड चौकोनी भेगा पडून भुगा होतं. तिच्यात कलाकाराच्या हाती लागण्यासारखं काही नाही. तिसरा भाग रंगांचा. काही बुरशी लाकडाला फारशी इजा न करता त्यात रंग भरतात. पेशींमधली साखर आणि स्टार्च त्यांना पुरतं. स्कायटॅलिडियम क्युबॉयडियम गुलाबी-लाल रंग देते. क्लोरोसिबोरिया नावाची, जेमतेम काही मिलिमीटरच्या पेल्यांची बुरशी मोरपिशी निळा-हिरवा रंग देते.

या निळ्या-हिरव्याची कथा मला सगळ्यांत जवळची आहे.

इटलीतल्या गुब्बिओ या डोंगरातल्या गावात उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा माँतेफेल्त्रो याचा एक महाल होता. त्यात त्याने साधारण 1478 ते 1482 या काळात स्वतःसाठी अभ्यासाची एक छोटी खोली करवून घेतली. भिंतींवर लाकडी कपाटं, अर्धवट उघडी जाळीची दारं, आत पुस्तकं, वाद्यं, शास्त्रीय उपकरणं. यातलं खरं काहीही नाही. भिंत सपाट आहे. अक्रोड, बीच, ओक आणि फळझाडांच्या लाकडाचे हजारो पातळ तुकडे कापून, एकमेकांत बसवून हा सगळा आभास उभा केला आहे. फ्रांचेस्को दि जॉर्जिओ मार्तिनी याची कल्पना आणि जुलियानो दा मायानोच्या कारखान्यातलं काम, असं त्याचं श्रेय दिलं जातं. 1939 सालापासून ही खोली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

लाकडात तपकिरी, पिवळा, लालसर, काळपट हे सगळे रंग मिळतात. हिरवा सहसा मिळत नाही. पंधराव्या शतकातल्या त्या इटालियन जडावकामांत मात्र हिरवा आहे आणि पाचशे वर्षांनीही तो ओळखू येतो. सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवलं, की फ्रा जोव्हानी दा व्हेरोना हा संन्यासी कारागीर उकळलेले रंग आणि भिनणारी तेलं वापरून लाकूड रंगवत असे. साहजिकच हिरवाही तसाच आला असेल, असा समज राहिला. 1992 साली ब्लँचेट, विल्मरिंग आणि बाउमाइस्टर या तीन अभ्यासकांनी त्या काळच्या कामांतले हिरवे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि पेशींमध्ये क्लोरोसिबोरियाच्या खुणा सापडल्या. जंगलात पडलेल्या फांद्यांमधून कुणीतरी ते लाकूड वेचून आणलं होतं. त्याच्या रंगाचं कारण त्या कारागिराला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण ओल्या पालापाचोळ्यातून कुजकी फांदी उचलून, ती मोडून, आतला रंग पाहून ‘हे ठेवायचं’ असं त्याने ठरवलं. त्या क्षणाबद्दल मला फार आदर वाटतो. सरपणात जाणाऱ्या वस्तूकडे पाहून तिच्यातलं घेण्याजोगं ओळखायला नजर लागते, आणि ड्यूकच्या खोलीत ती बसवायला धाडस लागतं.

पुढे जर्मनीत आउग्सबुर्गच्या कपाटांवर हा रंग आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या कारागिरांनी लाकडाच्या बारीक काड्यांच्या मोझेकने पेट्या सजवल्या, तेव्हा त्यांतल्या हिरव्यासाठी याच बुरशीने रंगलेलं ओक वापरलं. ज्या द्रव्याने हा रंग येतो त्याचं नाव झायलिंडीन. उजेडाने ते सहसा विटत नाही. त्याच्या याच टिकाऊपणामुळे ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीचं सेंद्रिय अर्धवाहक म्हणूनही त्याचा अभ्यास झाला आहे.

आधुनिक काळात स्पाल्टिंगला मान मिळवून दिला तो मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट या अमेरिकन बापलेकांनी. दोघेही खरादावर लाकूड कातणारे. काळ्या रेषांचं, अर्धवट कुजलेलं लाकूड खरादावर चढवणं त्या वेळी कुणाला पटण्यासारखं नव्हतं. कठीण भाग कापला जातो, मऊ भाग फाटून निघतो, आणि वाडगा मध्येच तुकडे होऊन उडू शकतो. त्यांनी हत्यारं चालवण्याच्या रीती बदलल्या, जिथे धार चालेना तिथे घासून आकार दिला. मार्कने 1977 साली ‘फाइन वुडवर्किंग’ मासिकात या लाकडावर लेख लिहिला, आणि ज्याला वखारीत किंमत नव्हती ते लाकूड लोक शोधू लागले. त्यानंतरचं पाऊल शास्त्राचं होतं. जंगलात जे योगायोगाने घडतं ते ठरवून घडवता येईल का? संशोधक सेरी रॉबिन्सन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि 2016 साली सहलेखकांसोबत या विषयाचा इतिहास, शास्त्र आणि कला सांगणारं सबंध पुस्तक लिहिलं. कुठल्या दोन बुरशी समोरासमोर आणल्या की लवकर रेषा पडतात, कुठलं लाकूड कुठल्या बुरशीला मानवतं, किती ओल हवी, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. मेपलच्या तुकड्यावर दोन-अडीच महिन्यांत चांगल्या रेषा मिळतात.

आपल्याकडे तर हवा आयती आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात आणि घाटमाथ्यावर जे हवामान असतं ते प्रयोगशाळेत पैसे खर्चून निर्माण करावं लागतं. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यातल्या काही रात्री कुजणारं लाकूड हिरवट चमकतं, तेही बुरशीचंच काम. आणि लाकूडही आहे. आग्नेय आशियातून येणारी रेषांची चिंच जगभर गिटार आणि पेनं बनवणारे आवडीने घेतात. तीच चिंच आपल्या गावागावांत उभी आहे. आंबा तर या कामासाठीच घडवल्यासारखा. फिकट रंग, फार कठीण नाही, टिकाऊपणा कमी. हा कमी टिकाऊपणाच इथे उपयोगी पडतो. सागाचा गाभा स्वतःच्या तेलांनी बुरशीला दूर ठेवतो, आंबा तिला आत घेतो.

मी हे काम करते ते अगदी साधेपणाने. धरायची बंद झालेली कलमं तोडली जातात तेव्हा ओल्या आंब्याच्या वीतभर जाडीच्या चकत्या करून घेते. साल तशीच ठेवते. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ओलसर भुसा, त्यावर चकत्या, आणि आजूबाजूच्या जुन्या ओंडक्यांतले, आधीच रेषा पडलेल्या लाकडाचे छोटे तुकडे त्यांना टेकवून. झाकण किंचित उघडं. लाकडात साधारण 30 टक्क्यांच्या वर ओल असेल तरच बुरशी वाढते, पण लाकूड पाण्यात बुडून राहिलं तर तिला हवा मिळत नाही आणि ती थांबते. म्हणून डब्याच्या तळाशी पाणी साचू द्यायचं नाही. काही दिवसांत चकतीच्या कापलेल्या बाजूवर पांढऱ्या धाग्यांची जाळी धरते. वास पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा येतो. वास आंबूस झाला तर समजायचं, हवा कमी पडतेय. धागे पुढे सरकतात, काही ठिकाणी दाटतात, तपकिरी होतात. आत काय चाललं आहे ते वरून कळत नाही. एक चकती काढून कापून बघणं हाच उपाय. आणि नेमकं इथेच सगळं कसब लागतं. कारण बुरशी आपणहून थांबणार नाही. थांबवायचं आपण.

आमच्या गावी एक वयस्क सुतार आहेत. सगळे त्यांना दाजी म्हणतात. माझी पहिली चकती बघून ते म्हणाले होते, “अहो ताई, ह्याला बुरा लागलाय. चुलीत घाला.”

मी म्हटलं, “दाजी, रेषा बघा ना.”

त्यांनी चकती उजेडाकडे धरली, रेषा बघितल्या, मग अंगठ्याचं नख लाकडात दाबलं. एका ठिकाणी, दुसऱ्या, तिसऱ्या. पांढऱ्या भागात नख रुतलं. रेषेच्या पलीकडे रुतलं नाही. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला. “हिकडनं गेलंय,” ते म्हणाले, “हिकडं अजून दम आहे. आठ दिवस आधी काढायला पायजे होतं.”

त्या एका परीक्षेत स्पाल्टिंगचं निम्मं शास्त्र आहे. दाजींना बुरशीची नावं ठाऊक नाहीत, पण लाकूड कुजताना कुठल्या टप्प्यावर काय होतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. आपल्याकडची लाकडाची सगळी जुनी विद्या कूज टाळण्याची आहे. तोडीचा हंगाम पाळणं, उन्हात नको सावलीत सुकवणं, जमिनीला टेकणाऱ्या खांबाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडणं. ही विद्या ज्यांच्याकडे आहे त्यांनाच कूज कुठे थांबवावी हे सांगता येतं. ज्याने आयुष्यभर एखाद्या गोष्टीशी झुंज दिली त्याला ती गोष्ट सगळ्यांत नीट समजलेली असते. चकती वेळेवर काढून, हळूहळू वाळवून ओल 20 टक्क्यांच्या खाली आणली की बुरशीचं काम बंद पडतं. रेषा राहतात, रंग राहतो. मऊ पडलेल्या जागी पातळ राळ मुरवून ती घट्ट करता येते. घासताना तोंडाला चांगला मास्क हवाच, कारण ही धूळ बारीक असते आणि फुप्फुसाला बरी नाही.

या कामाने माझ्या मनातला एक प्रश्न बदलला. लाकूड चांगलं की खराब, असं मी आधी विचारत असे. आता विचारते, किती? दूध विरजल्यावर ते नासलं असं आपण म्हणत नाही, कारण कुठे थांबायचं ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लाकडाच्या बाबतीत ते माप आपल्याकडे अजून बसलेलं नाही, म्हणून दोनच कप्पे उरतात, पक्कं आणि कुजकं. या दोहोंमध्ये केवढी मोठी जागा आहे! त्या जागेत रंग आहेत, रेषा आहेत आणि आवाजसुद्धा आहे. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेतल्या फ्रान्सिस श्वार्झे यांनी निवडक बुरशींनी मोजून-मापून हलकं केलेल्या लाकडाचं व्हायोलिन करवून घेतलं. 2009 साली जर्मनीत ओस्नाब्रुकला मॅथ्यू ट्रस्लर यांनी पडद्याआडून पाच व्हायोलिनं वाजवली; त्यांत हे होतं आणि 1711चं स्ट्रॅडिव्हेरियसही. 180हून अधिक श्रोत्यांपैकी 90 जणांनी बुरशीने घडवलेल्या व्हायोलिनचा सूर सर्वांत चांगला ठरवला. एका कार्यक्रमावरून स्ट्रॅडिव्हेरियसचा निकाल लागत नाही, हे खरं. पण लाकडाची घनता कमी झाली आणि ताठपणा फारसा गेला नाही, तर सूर सुधारू शकतो, आणि तिथवर बुरशी नेऊ शकते, एवढं त्यातून पुढे आलं. ते लाकूड बुरशीच्या हवाली होतं नऊ महिने. त्याच्या पुढे गेलं असतं तर व्हायोलिनच राहिलं नसतं.

बाजाराचा कल अर्थातच उलटा आहे. केरळात रबराचं झाड तोडलं की काही दिवसांतच त्याच्या फिकट लाकडात निळसर-काळे डाग पसरतात. ते लासिओडिप्लोडिया या बुरशीचे. हापूसच्या देठाकडून सुरू होणारी देठकूजही हीच बुरशी करते. फर्निचरवाल्यांना एकसारखं गोरं लाकूड हवं असतं, म्हणून रबराच्या फळ्या घाईने बोरॉनच्या द्रावणात मुरवतात. कारखान्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. सगळ्या लाकडाला डाग पडू द्यावेत असं मी म्हणणार नाही. घराच्या तुळईला रेषा नकोत, पाळण्याच्या दांड्याला नकोत. पण आंब्याचं जे लाकूड खोकी, सेंट्रिंग आणि सरपण यांपलीकडे जातच नाही, त्याला एक पावसाळा द्यायला काय हरकत आहे?

हे एकट्या-दुकट्याच्या डब्यात राहू नये असं मला मनापासून वाटतं. मी जुन्या ओंडक्याचे तुकडे टेकवते तेव्हा त्यात कोणकोणत्या बुरशी आहेत, हे मला सांगता येत नाही, आणि म्हणून हाती आलेली नक्षी पुन्हा तशीच काढता येत नाही. ती काढता येण्यासाठी लागणारं सगळं महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय बुरशीसंग्रह आहे, जिवंत बुरशी नावानिशी जपून ठेवलेल्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत खरादावर हात बसलेले कारागीर आहेत, आणि त्यांच्या लाकडी खेळण्यांना, फळांना नवं गिऱ्हाईक हवं आहे. सह्याद्रीतल्या कुठल्या बुरशी आंब्यात रेषा घालतात, कुठल्या चिंचेत, रंग देणारी कुठली, दापोलीच्या पावसात त्यांना किती आठवडे लागतात, हे एखाद्या विद्यार्थ्याने दोन-तीन पावसाळ्यांत मांडून दाखवण्यासारखं काम आहे. त्याने मापं लिहावीत, नावं लावावीत. आणि चकती डब्यातून काढण्याआधी एखाद्या दाजींना बोलावून त्यांचं नख लावून घ्यावं, आणि ते ‘आता काढा’ कधी म्हणतात तेही आपल्या वहीत मापांच्या शेजारी लिहावं. ते माप अजून कुठल्याच पुस्तकात नाही, आणि ते ज्यांच्या हातात आहे ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.